आजोबांच्या पेटीत पिस्तुलाचे मॅगझिन सापडले तर?

पेण, रामवाडी, रोहा भागातल्या जुन्या घरांत माळ्यावरची पेटी उघडली की बुजुर्गांचे काय काय निघते. जहाजाच्या नोकरीचे कागद, फौजेतले पदक आणि कधी एखादी चपटी लोखंडी डबी. पिस्तुलाच्या मुठीत बसणारी काडतुसांची डबी म्हणजे मॅगझिन. ती अस्सल आहे का आणि घरात ठेवता येते का, हे दोन प्रश्न वेगळे आहेत.

आत काडतूस दिसले तर ते काढायच्या भानगडीत पडू नका. मुलांना लांब ठेवा आणि पोलिसांना कळवा.

आता खुणा पाहू. जर्मन लुगर पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये ८ काडतुसे बसतात. पहिल्या महायुद्धातल्या फौजी मॅगझिनचे बूड लाकडी असे व त्यावर पिस्तुलाचाच नंबर ठोकलेला असे. जोडीच्या दुसऱ्या मॅगझिनवर नंबराबरोबर अधिकची खूण असे. अमेरिकन कोल्ट १९११ च्या सुरुवातीच्या मॅगझिनला बुडाशी दोरीसाठी कडी असे. वरचा भाग फिका आणि खालचा काळसर, असे दोन रंग दिसतात. माउझर सी ९६ च्या नेहमीच्या नमुन्यात मॅगझिन ट्रिगरच्या पुढे, पिस्तुलातच पक्के असते. त्याचे सुटे मॅगझिन म्हणून कुणी काही दाखवले तर सावध व्हा.

नक्कल कशी कळते? धातू झिजलेला, पण अक्षरांच्या कडा ताज्या असतील तर शिक्का मागाहून मारलेला समजावा. गंज दिसला तरी पॉलिश पेपरने घासू नका. घासले की खुणा जातात आणि ओळखही जाते.

कायद्याचा भाग जास्त महत्त्वाचा. "१०० वर्षे झाली, आता परवाना कशाला?" असे बरेच जण म्हणतात. १०० वर्षांची अट १९७२ च्या पुरावस्तू कायद्यातली आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात अग्निशस्त्राच्या व्याख्येत त्याचे भागही येतात. कलम ४५ मध्ये जुन्या शस्त्रांना सूट आहे, पण दुरुस्त करूनही ते चालण्यासारखे नसेल तरच. किरकोळ सुट्या भागांनाही काही अटींवर सूट आहे. मात्र आपली वस्तू त्यात बसते की नाही, हे घरच्या घरी ठरवू नये.

म्हणून आधी मरहूम बुजुर्गांचे कागद शोधा. १९८१ पूर्वीच्या परवान्यावर रायगड नव्हे, कुलाबा जिल्हा लिहिलेला असेल. मुरूड-श्रीवर्धनकडच्या फार जुन्या कागदांवर जंजिरा संस्थानचे नाव असू शकते. परवाना ज्याच्या नावावर होता तो हयात नसेल, तर तो कागद वारसाला आपोआप लागू होत नाही. वस्तू खिशात घालून दाखवत फिरू नका, फोटो मोबाईलवर पाठवू नका, विकायचा विचार तर नकोच. वकिलाला विचारा, पोलीस ठाण्यात आधी कळवा आणि वस्तू जमा केली तर लेखी पावती घ्या.

वस्तू काय आहे ते खुणा सांगतील. पण उद्या कुणी विचारले तर घरच्यांच्या बाजूने बोलणार तो कागदच. आम्ही म्हणू, तो आजच शोधून ठेवा.