द्राक्षाच्या पानावरून रोग ओळखणारं ॲप: रेडी मॉडेल, आपले फोटो आणि ९९ टक्क्यांचा घोळ



"पानाचा फोटो काढला की रोग सांगणारं ॲप काढायचंय, किती भांडवल लागेल?" हा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो आणि विचारणारा बऱ्याचदा निफाड किंवा दिंडोरीकडचा असतो. घरची द्राक्षबाग, हातात स्मार्टफोन आणि समोर "अर्ध्या तासात एआय मॉडेल बनवा" सांगणारे व्हिडिओ. डोक्यात आयडिया येणारच.

भांडवलाचं आधी सांगतो. सॉफ्टवेअर जवळजवळ फुकट आहे. पैसा आणि वेळ जातो तो फोटो गोळा करण्यात आणि त्या फोटोंवर बरोबर नाव लावू शकणाऱ्या माणसावर. हे ऐकून जो थांबला त्याचे पैसे वाचले. बाकीच्यांनी पुढे वाचा.

फोटो ओळखणाऱ्या मॉडेलला कन्व्होल्युशनल न्यूरल नेटवर्क म्हणतात, थोडक्यात सीएनएन. त्यात एकामागे एक थर असतात. सुरुवातीचे थर फक्त कडा, रंग, ठिपके ओळखतात, मधले थर त्यातून आकार आणि पोत जुळवतात आणि शेवटचा थर नाव सांगतो. हे सगळं शून्यापासून शिकवायचं तर लाखो फोटो लागतात. ते काम मोठ्या कंपन्यांनी आणि विद्यापीठांनी आधीच करून ठेवलंय. इमेजनेट नावाच्या संग्रहातले सुमारे १२ लाख ८० हजार फोटो आणि १००० वर्ग यांवर शिकलेली मॉडेल्स फुकट मिळतात. त्या हजारात कुत्र्यांच्याच शंभरावर जाती आहेत, पण डाऊनी नाही.

मग आपल्याला उपयोग काय? आपल्या बागांमधली कलमं आठवा. डॉगरिजचा खुंट आधी लावतो, त्याची मुळं जमिनीत पक्की होतात आणि मग त्यावर थॉमसनचा डोळा भरतो. मुळं नव्याने घडवत बसत नाही. इथेही तसंच. जुन्या मॉडेलचे खालचे थर म्हणजे खुंट, ते आहे तसे ठेवायचे. हजार नावांचा शेवटचा थर कापायचा आणि आपल्या नावांचा नवा जोडायचा. आपली नावं समजा पाच: डाऊनी, भुरी, करपा, निरोगी आणि फवारणीचे डाग. गुगलच्या मोबाइलनेट व्ही-२ या मॉडेलमध्ये शिकलेले आकडे सुमारे ३५ लाख, पण पाच वर्गांच्या नव्या थरात फक्त ६,४०५. लाखो फोटोंऐवजी प्रत्येक वर्गाचे काही शे फोटो घेऊन सुरुवात करता येते ती यामुळेच.

नवा थर जरा स्थिरावला की वरचे काही जुने थरही मोकळे करायचे आणि अगदी हळूहळू शिकवायचे. यालाच फाइन-ट्यूनिंग म्हणतात. शिकण्याचा वेग जास्त ठेवला तर मॉडेल आधीचं शिकलेलंच विसरतं, म्हणून इथे घाई नको. गुगल कोलॅबवर हे फुकट करता येतं. कोडिंग अजिबात येत नसेल तर गुगलच्याच टीचेबल मशीनवर फोटो टाकून पहिला प्रयोग करा. आतमध्ये मोबाइलनेटच आहे.

इथपर्यंत सगळे व्हिडिओ सांगतात. आता ते सांगत नाहीत तो भाग.

नेटवर "ग्रेप डिसीज मॉडेल" शोधलं की बरीच तयार मॉडेल्स सापडतात आणि त्यातली खूपशी प्लँटव्हिलेज नावाच्या संग्रहावर शिकलेली असतात. त्यात ५४,३०६ फोटो, १४ पिकं आणि ३८ वर्ग आहेत. द्राक्षाचे वर्ग चार: ब्लॅक रॉट, एस्का, लीफ ब्लाइट आणि निरोगी. परत वाचा. डाऊनी नाही, भुरीही नाही. नाशिकचा शेतकरी ज्या दोन नावांनी रात्री झोपत नाही, तीच नाहीत. आणि हे मॉडेल "मला माहीत नाही" म्हणत नाही. चारातलं एक नाव निवडून बिनधास्त "९७ टक्के खात्री" असंही दाखवेल. कांदा आणि डाळिंब तर त्या १४ पिकांत नाहीतच.

आता ९९ टक्क्यांचं बघू. २०१६ मध्ये मोहंती, ह्यूज आणि सालाते यांनी याच संग्रहावर तयार मॉडेल फाइन-ट्यून करून ९९.३५ टक्के अचूकता मिळवली. हा आकडा आजही ॲपवाल्यांच्या सादरीकरणात फिरतो. पण त्याच लेखात पुढे लिहिलंय की वेगळ्या परिस्थितीत काढलेले, बाहेरून गोळा केलेले फोटो दिले तेव्हा अचूकता ३१ टक्क्यांच्या थोडी वर राहिली. कारण संग्रहातली पानं तोडून, साध्या पार्श्वभूमीवर ठेवून टिपलेली होती. २०२२ मध्ये नोयन यांनी तर पान वगळून पार्श्वभूमीचे फक्त ८ पिक्सेल मॉडेलला दिले, तरी ४९ टक्के उत्तरं बरोबर आली! म्हणजे मॉडेल पानाइतकंच टेबलही ओळखत होतं. आयआयटी गांधीनगरच्या लोकांनी यावरच उपाय म्हणून प्लँटडॉक हा २,५९८ फोटोंचा संग्रह केला, खऱ्याखुऱ्या परिस्थितीतल्या पानांचा.

म्हणून फोटो आपल्या बागेतले हवेत. मांडवाखालच्या सावलीतले, सकाळच्या दवातले, साध्या फोनने काढलेले, थोडे हललेलेसुद्धा. गिऱ्हाईक तसेच पाठवणार आहे. पानाच्या दोन्ही बाजू घ्या. डाऊनीत वरून पिवळसर तेलकट डाग दिसतो आणि पांढरी बुरशी खालच्या बाजूला येते. भुरीची राखाडी पूड बहुधा वरच दिसते. कोणती बाजू आहे हे ठरलेलं नसेल तर मॉडेल पांढऱ्यावर पांढरं गोंधळतं. बोर्डोचे किंवा गंधकाचे डाग असलेली पानं मुद्दाम टिपा, नाहीतर कालच फवारलेल्या बागेला ॲप भुरी सांगेल. फोटो उलटेसुलटे फिरवून, उजेड कमी-जास्त करून संख्या वाढवता येते, पण रंगाची छटा बदलू नका. रंग हेच इथे लक्षण आहे.

नाव लावण्याचं काम जाणकाराकडून करून घ्या, द्राक्ष सल्लागार किंवा वनस्पतिरोगाचा माणूस. दिवसाचे पैसे ठरवून द्या. ओळखीपाळखीत फुकट करून घेतलेलं काम अर्धवट राहतं, हा आपल्या धंद्यातला जुना अनुभव इथेही लागू.

परीक्षा घेताना बहुतेक जण एक गोष्ट करतात: सगळे फोटो एकत्र ढवळतात आणि त्यातले २० टक्के चाचणीला बाजूला काढतात. पण एकाच वेलीचे दहा फोटो असतील तर आठ शिकवण्यात आणि दोन चाचणीत जातात. म्हणजे पेपर आधीच फुटला! फोटो बागेनुसार वाटा. ओझरच्या प्लॉटवर शिकवलं तर चाचणी वणीच्या प्लॉटवर, आणि त्या प्लॉटचा एकही फोटो शिकवताना वापरायचा नाही. आकडा धाडकन खाली येईल. तोच खरा आकडा, गिऱ्हाइकाला तोच सांगा.

एकूण टक्केवारीवरही जाऊ नका. हजारात ९०० पानं निरोगी असतील तर सगळ्यांना "निरोगी" म्हणणारं मॉडेल ९० टक्के बरोबर ठरतं आणि एकही रोग पकडत नाही. प्रत्येक रोगाची किती पानं सुटली ते वेगळं मोजा. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस-ढगाळ हवेत डाऊनी घडावर आला की थोड्या दिवसांत वर्षाचं पीक जातं. चुकीचा इशारा दिला तर एक फवारणी वाया जाते. दोन्ही चुकांची किंमत सारखी नाही, म्हणून शंका असेल तिथे ॲपने "जाणकाराला दाखवा" म्हणावं. वाया जाणारी फवारणीही फुकट नसते, निर्यातीच्या मालात तर नाहीच. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अंशामुळे युरोपात आपली द्राक्षं अडली होती. औषधाचं नाव ॲपने सुचवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ते काम लेबल क्लेम आणि अंशमर्यादा वाचणाऱ्या माणसाचं.

मग विकायचं कोणाला? शेतकऱ्याला थेट विकायला जाल तर जर्मनीतल्या कंपनीचं प्लँटिक्स मोफत आहे, शिवाय पिकंही भरपूर. त्याच्याशी स्पर्धा कशाला? माझ्या मते पहिलं गिऱ्हाईक म्हणजे द्राक्ष सल्लागार किंवा पॅकहाऊसचे फील्ड ऑफिसर. त्यांच्या व्हॉट्सॲपवर छाटणीनंतर पानांच्या फोटोंचा ढीग पडतो. त्यातले तातडीचे वर काढून देणारं साधं टूल त्यांना महिन्याच्या फीवर देता येईल. निर्णय तेच घेतील, तुमचं मॉडेल फक्त रांग लावेल. आणि ते जे जे दुरुस्त करतील ते लेबल लावलेले नवे फोटो, पण ते वापरायची परवानगी पहिल्याच करारात लिहून घ्या.

सुरुवात एकाच प्रश्नाने करा: डाऊनी आहे की नाही. तीन-चार वेगवेगळे प्लॉट, प्रत्येकाचा वेगळा फोल्डर, फोटोच्या नावात तारीख, प्लॉट आणि पानाची बाजू. छाटणीच्या आधी सल्लागार पक्का करा. एकदा हंगाम पेटला की त्यालाही फोन उचलायला वेळ नसतो.