निजलेल्या गावाचा इशारा

२५ मे १९५५ च्या रात्री अमेरिकेच्या मध्यवर्ती मैदानी मुलखात टोर्नेडोंनी जो संहार केला, त्याचे स्मरण आजही ठेवावे, असे आम्हांस वाटते. मेक्सिकोच्या आखातावरून येणारी दमट उष्ण हवा, तिच्यावरून पश्चिमेकडून वाहणारी कोरडी हवा आणि उंचीगणिक बदलणारी वाऱ्याची दिशा व गती, यांच्या संयोगाने त्या गव्हाच्या सपाट प्रदेशात प्रचंड मेघ उठतात आणि काहींच्या पोटातून सोंडेसारखे भोवरे जमिनीवर उतरतात. त्या रात्री ओक्लाहोमातील ब्लॅकवेल गावात २० माणसे मेली. तासाभराने, साडेदहाच्या सुमारास, कॅन्ससमधील युडॉल हे पाच-सहाशे वस्तीचे गाव उद्ध्वस्त झाले; तेथे सुमारे ८० जण दगावले.

निसर्गाला जाब विचारता येत नाही. माणसाच्या व्यवस्थेला मात्र तो विचारलाच पाहिजे. उग्र हवामानाचे भाकीत त्या दिवशी वर्तविले गेले होते. पण निजलेल्या युडॉलच्या कानी ते पडलेच नाही.

याच देशात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९३८ पर्यंत सरकारी अंदाजात 'टोर्नेडो' हा शब्द वापरण्यास मनाई होती. लोक घाबरतील, ही सबब! १८ मार्च १९२५ रोजी मिसुरी, इलिनॉय व इंडियाना या तीन राज्यांत एकाच टोर्नेडोने ६९५ बळी घेतले. त्या अभाग्यांना घाबरण्याचीही सवड मिळाली नाही. पुढे २५ मार्च १९४८ रोजी ओक्लाहोमातील टिंकर हवाई तळावर फॉबुश व मिलर या वायुदलाच्या अधिकाऱ्यांनी टोर्नेडोचे यशस्वी भाकीत करून दाखविले. शास्त्र जागे झाले होते. तरीही सात वर्षांनंतर युडॉल झोपेतच गाठले गेले.

३ मे १९९९ रोजी ओक्लाहोमातील ब्रिज क्रीक व मूर या भागांवर ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगाचे वारे घोंगावले. हजारो घरे पडली. टोर्नेडोच्या थेट तडाख्याने ३६ माणसे मेली. ही हानीही थोडी नव्हे. तथापि रडार, भोंगे, दूरचित्रवाणी आणि गावोगावचे निरीक्षक यांची साखळी मधल्या काळात जोडली गेली नसती, तर हा आकडा कुठवर गेला असता, याची कल्पनाच केलेली बरी.

इशारा कचेरीतून निघाला की कर्तव्य संपले, ही समजूत घातक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. आडगावातल्या शेवटच्या घराची झोप ज्याने मोडली नाही, तो इशारा दप्तरी नोंदवून कोणाचाही जीव वाचत नाही.