चार गळे, नो गिटार!

1965 साली इंग्लंडमधल्या तीन भावंडांनी आपल्या नात्यातल्या भावाला सोबत घेऊन पहिला अल्बम काढला. तो आजही अंगावर काटा आणतो...

ऑटोट्यूनला सोकावलेल्या कानांना 'फ्रॉस्ट अँड फायर'चा पहिला झटका जोरातच बसतो. गिटार नाही, पियानो नाही, ड्रम मशीन तर दूरच. फक्त चार गळे. तेही रियाजाने गुळगुळीत झालेले नाहीत, तर खरखरीत आणि खणखणीत. पब भरलेला असताना शेवटच्या टेबलापर्यंत आवाज पोचवायचा तर असंच गावं लागतं, बॉस!

हे गळे वॉटरसन्सचे. नॉर्मा, माईक आणि लॅल ही सख्खी भावंडं आणि जॉन हॅरिसन हा नात्यातला भाऊ. गाव हल. यॉर्कशरमधलं मच्छीमारीचं बंदर, दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांत होरपळलेलं. आई-वडील लवकर गेले, तिघांना आजीने वाढवलं. तरुण झाल्यावर त्यांनी त्या काळच्या फॅशनप्रमाणे आधी स्किफल वाजवलं आणि मग गावातल्या 'ब्ल्यू बेल' पबमध्ये फोक क्लब चालवला.

त्या काळी इंग्लिश लोकगीत म्हटलं की शाळेतली बाई पियानोवर बसलीय आणि मुलं गोड आवाजात गातायत, असंच चित्र डोळ्यांसमोर यायचं. वॉटरसन्सनी हा सगळा गोडवा खरवडून काढला. चौघं एकाच सुरात गाणं उचलतात आणि मध्येच एकेक जण आपली वाट धरतो. आवाज एकमेकांवर घासतात, पण हात सुटत नाही. हलचा गावरान उच्चारही त्यांनी लपवला नाही.

अल्बमची आयडियाही हटके. 'टॉपिक' या लेबलसाठी लोकसंगीताचे अभ्यासक ए. एल. लॉइड यांच्या मदतीने त्यांनी वर्षभराच्या सणांची 14 गाणी निवडली. नाताळच्या दिवसांत दारोदार फिरून शुभेच्छा द्यायच्या आणि बदल्यात प्यायला मागायचं, ते वॉसेलिंगचं गाणं. आपला वासुदेव आठवला ना? मग ईस्टर, मे महिन्यातला कॉर्नवॉलचा 'हाल-अन-टो', सुगी आणि मृतात्म्यांची आठवण. 'जॉन बार्लीकॉर्न'मध्ये तर चक्क बार्लीचाच खून होतो आणि शेवटी तो बिअर होऊन सगळ्यांना पुरून उरतो!

ही गाणी थेट प्राचीन पूजाविधींतून आली, असं लॉइड सांगायचे. नंतरच्या अभ्यासकांना त्याचे फारसे पुरावे सापडले नाहीत. पण ऐकताना त्याने काही बिघडत नाही. हिवाळा संपेल की नाही, पीक हाती येईल की नाही, ही धास्ती त्या गळ्यांत खरीच वाटते.

पुढे? सततच्या दौऱ्यांनी थकून 1968 मध्ये ग्रुप फुटला. नॉर्मा कॅरिबियनमधल्या माँटसेराट बेटावर जाऊन रेडिओवर डीजे झाली! 1972 मध्ये तिघं भावंडं पुन्हा एकत्र आली. त्याच वर्षी तिने गायक-गिटारवादक मार्टिन कार्थीशी लग्न केलं. त्यांची मुलगी एलायझाही लोकसंगीतातलंच मोठं नाव.

गोष्टीचा शेवट मात्र चटका लावतो. लॅल 1998 मध्ये गेली, माईक 2011 मध्ये. कोविडमध्ये कार्यक्रम बंद पडले, कमाई थांबली. जानेवारी 2022 मध्ये आजारी आईसाठी एलायझाला लोकांकडे मदत मागावी लागली. महिना संपायच्या आत नॉर्मा गेली. साठ वर्षांत कितीतरी गायकांनी ज्या आवाजाकडून उसनं घेतलं, त्या आवाजाच्या म्हातारपणाची सोय मात्र कुणीच केली नव्हती.

म्हणून या वीकेंडला एक करा. 'फ्रॉस्ट अँड फायर' मोबाईलवर लावून भांडी घासू नका. दिवा मंद करा आणि पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत सलग ऐका. आवडलं तर अल्बम विकत घ्या. दारावर गाणारा आला की रिकाम्या हाताने पाठवायचं नसतं, ही गाणी तेच तर सांगतात!