दोघं म्हणजे नेमके कोण?

समलिंगी विवाहाला मान्यता देणारं कलम आयर्लंडच्या राज्यघटनेत घालायचं ठरलं, तेव्हा २०१५च्या सुरुवातीला सरकारने त्याचे दोन मसुदे मांडले, एक इंग्रजी आणि एक आयरिश. इंग्रजी मसुदा स्वच्छ होता: स्त्री-पुरुष असा भेद न करता दोन व्यक्तींना विवाह करता येईल. आयरिश मसुदा म्हणत होता: दोघांना विवाह करता येईल, मग ते पुरुष असोत वा स्त्रिया.

हे वाक्य मराठीतच पुन्हा वाचून पाहा. दोघेही पुरुष, नाहीतर दोघीही स्त्रिया. मग एक पुरुष आणि एक स्त्री यांचं काय? टीकाकारांनी नेमकं हेच विचारलं. प्रश्न नुसत्या व्याकरणाचा नव्हता. १९३७च्या या घटनेत दोन भाषांचे पाठ जुळले नाहीत, तर आयरिश पाठ प्रमाण धरला जातो. मार्चमध्ये शब्द बदलून ‘त्यांचं लिंग कोणतंही असो’ अशा अर्थाचे केले गेले आणि २२ मे रोजी सुमारे ६२ टक्के मतदारांनी कलमाला कौल दिला.

राष्ट्राध्यक्षाच्या वयाचंही तसंच. इंग्रजी पाठात उमेदवाराने पस्तिसाव्या वर्षात पोहोचलेलं असावं असं आहे. काटेकोर अर्थ लावला तर चौतीस पुरी झाली की पुरे. आयरिश पाठ मात्र पस्तीस वर्षं पूर्ण झालेली मागतो, आणि तोच चालतो.

विवाहाच्या कलमातला ‘दोघं’साठीचा आयरिश शब्द ‘बेर्ट’. नुसते आकडे म्हणताना दोनला ‘अ दो’, वस्तू मोजताना वेगळं रूप आणि माणसं मोजताना ‘बेर्ट’, तिघांना ‘त्रूर’. दोन पुस्तकं पण दोघं भाऊ म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे शिकवावं लागत नाही. इंग्रजी ‘टू’ला मात्र यातलं काहीच ठाऊक नसतं. म्हणून आयरिश भाषांतरकार आधी विचारतो: दोन काय?

इंग्रजी ‘नो’ म्हणजे जाणणं, या क्रियापदाची गोष्ट मला सगळ्यांत सुंदर वाटते. एखादी बाब माहीत असेल तर ‘फिस’, माणसाची ओळख असेल तर ‘अह्ने’, विषयाची किंवा वाटांची माहिती असेल तर ‘ओलस’. एखाद्या गावाचा ‘ओलस’ असणारा माणूस तिथल्या कोणाचीही ‘अह्ने’ नसलेला असू शकतो. आणि ही तिन्ही माणसाच्या ‘पाशी’ असतात, कारण आयरिशमध्ये ‘माझ्याकडे आहे’ अशीच रचना चालते. इंग्रजी ‘हॅव’सारखं क्रियापद तिथे नाही. दुःख आणि भूक तर माणसाच्या ‘अंगावर’ असतात.

दिशांचं तर विचारूच नका. जिन्याच्या पायथ्याशी उभे राहून कोणाला वर जायला सांगाल तर ‘सूअस’. तुम्हीच माडीवर असाल आणि खालच्याला वर बोलवायचं असेल तर ‘अनीस’. तसंच खाली जायला ‘शीस’ आणि वरून आपल्याकडे खाली यायला ‘अनूअस’. बोलणारा कुठे उभा आहे हे कळल्याशिवाय ‘अप’ आणि ‘डाउन’ या शब्दांचं भाषांतर सुरूही होत नाही. रंगांतही तेच: गवताचा हिरवा ‘ग्लस’, पण करड्या घोड्यालाही ‘ग्लस’च म्हणतात, माणसाचे लाल केस ‘रूअ’, रक्त मात्र ‘ज्यारग’.

अंगावर गोंदवून घ्यायला किंवा दुकानाच्या पाटीसाठी ‘एवढा एकच शब्द आयरिशमध्ये सांगा’ अशी मागणी होते, ती मला म्हणूनच धोक्याची वाटते. मागणाऱ्याचा हेतू चांगला असतो, भाषेवर मायाही असते. पण २०२२च्या जनगणनेत आयरिश येते असं जवळपास १८ लाख ७४ हजार लोकांनी सांगितलं, आणि शाळा-कॉलेजबाहेर ती रोज बोलणारे निघाले ७२ हजारांच्या आतच. एवढ्या थोड्या बोलणाऱ्यांत चुकीचा शब्द टोकणारा कान जवळ असेलच असं नाही, आणि पाटीवरची चूक बघता बघता रूढ होते.

एका शब्दाला एकच प्रतिशब्द पुरत नाही, हे कोशकारांनी ओळखलं आहे. फोरस ना गेलगे या भाषासंस्थेचा इंग्रजी-आयरिश कोश २०१३पासून इंटरनेटवर खुला होऊ लागला, २०२०मध्ये त्याची छापील आवृत्ती निघाली. त्यात इंग्रजी शब्दाचे अर्थ आधी वेगळे केले आहेत, मग प्रत्येक अर्थाचा आयरिश शब्द आणि तो वापरलेली वाक्यं. इंटरनेटवर कॉनक्ट, मन्स्टर आणि अल्स्टर या तिन्ही बोलींतले उच्चारही ऐकता येतात.