डब्यातली दुर्बीण

रोह्याला काकांच्या, म्हणजे मावशीच्या यजमानांच्या घरी माळ्यावर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. झाकणावरचं चित्र केव्हाच गंजून गेलंय. आत मलमलच्या तुकड्यात गुंडाळलेली वीतभराहून थोडी लांब, काळी, पोलादी दुर्बीण. सरळ ठेवली तर मावायची नाही, तिरकी ठेवली की बरोब्बर बसायची. लहानपणी सुट्टीत मावशीकडे गेलं की आम्ही मुलं ती काढून कुंडलिकेपलीकडचे बगळे बघायचो. ती मुळात एका रायफलीवर बसायची हे मला बरंच उशिरा कळलं. तसं पाहिलं तर ही सगळी कथा आम्हा मुलांच्या खेळामुळेच सुरू झाली.

काकांच्या वडिलांकडे .४२३ बोअरची मॉझर होती. जर्मन कागदावर ती १०.७५ मिलिमीटर. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी हा माल मुंबईच्या बंदुकीच्या दुकानांतून देशभर जात असे. तेव्हा या बाजूला रानं दाट होती. इथून जवळचं फणसाड हे जंजिऱ्याच्या नवाबाचं राखीव शिकारीचं रान. त्याचं अभयारण्य झालं ते १९८६ मध्ये. १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला आणि आजोबांनी रायफल तेल लावून कपाटात ठेवली, ती कायमची. दुर्बीण मात्र त्यांनी नातवंडांना देऊन टाकली. तिच्या दोन्ही रिंगांखाली पोलादी नख्या होत्या, त्या हाताला टोचत. मग दारावर आलेल्या कल्हईवाल्याकडून आजोबांनी त्या रिंगाच काढून घेतल्या. रिंगा नळीला शिशाकथलाच्या डाकाने जोडलेल्या होत्या. हा डाक १८० अंशांच्या आसपास वितळतो, आणि कल्हईवाल्याच्या भात्यापुढे एवढी उष्णता म्हणजे काहीच नाही. दोन्ही रिंगा अलगद सुटून आल्या. पुढे त्यांचं काय झालं ते कोणालाच आठवत नाही. भंगारात गेल्या असणार.

२०१९ मध्ये शस्त्र कायदा बदलला. एका परवान्यावर तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतील असं ठरलं. काकांकडे तीन होती. शेतीच्या राखणीची बारा बोअर, पणजोबांची ठासणीची, आणि ही मॉझर. ठासणीची जमा करावी लागली. त्या रात्री काका फारसं जेवले नाहीत असं मावशी सांगते. उरलेल्या दोघींची मग ते जास्तच देखभाल करू लागले. एका पावसाळ्यानंतर रायफल पुसता पुसता म्हणाले, "हिचं तेवढं अर्धं अंग डब्यात पडलंय. जोडून टाकू."

मला वाटलं, दोन रिंगा आणायच्या, चार स्क्रू आवळायचे. आपल्या ईशापूरच्या .३१५ सारखी रायफल असती तर गोष्ट वेगळी होती. तिच्यासाठी काही ना काही मिळतं. परदेशी रायफलींची आयात सामान्य परवानाधारकांना ऐंशीच्या दशकात बंद झाली, तेव्हा जुन्या मालाचे सुटे भाग म्हणजे कोणाच्या तरी कपाटात पडून राहिलेले तुकडे. त्यातही आमचं माउंट पंज्याचं होतं.

पंज्याचं माउंट ही जर्मनी-ऑस्ट्रियातली जुनी पद्धत. रायफलीच्या पाठीवर पुढे एक आणि मागे एक अशा दोन पोलादी बैठका असतात. दुर्बिणीच्या पुढच्या रिंगेखालच्या दोन नख्या पुढच्या बैठकीच्या खाचांत तिरक्या घालायच्या, मग दुर्बीण मागे टेकवायची. मागच्या नख्या स्प्रिंगच्या खटक्यात टक्कन बसतात. काढतानाही तसंच, खटका दाबला की दुर्बीण हातात. कोकणातल्या पावसात ही सोय फार मोलाची. भिंगांना दव धरलं, बुरशी लागली, की दुर्बीण डब्यात आणि नजर रायफलीच्या उघड्या माशीवर.

पण या पद्धतीत प्रत्येक नखी त्याच रायफलीवर हाताने घासून बसवलेली. झूल नावाच्या जर्मन गावातल्या एखाद्या कारागिराने नव्वद वर्षांपूर्वी कानस थांबवली, तेच तिचं माप. कारखान्याच्या यादीत ते कुठेच सापडणार नाही. शेजारच्या रायफलीचं माउंटसुद्धा हिला लागणार नाही.

नळीचा व्यास व्हर्नियरवर मोजला, साडेसव्वीस मिलिमीटर. हल्लीच्या रिंगा एक इंची, म्हणजे २५.४ च्या, नाहीतर तीसच्या. एकीत नळी जात नाही, दुसरीत डुगडुगते. पत्र्याची पट्टी घालून तीसची आवळता येईल असं एकाने सुचवलं. काकांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने विषय बदलला.

सगळं प्रकरण कशावर अडलंय ते मुंबईच्या एका परवानाधारक कारागिरांनी दाखवून दिलं. सत्तरीचे गृहस्थ, बोलणं कमी. त्यांनी दुर्बीण उजेडाकडे धरून फिरवली. वर एकच खुंटी. ती निशाण वर-खाली करते. डावी-उजवीकडे करणारी खुंटीच नाही. "शोधू नका. दुसरी खुंटी नाहीच हिला. ते काम माउंटचं."

मागची बैठक रायफलीत आडव्या खाचेत बसवलेली असते. पितळी ठोकणीने ती केसभर सरकवायची की निशाण डावं-उजवं होतं. पुढची नि मागची बैठक यांत चौदा सेंटिमीटर धरा. मागे एक दशांश मिलिमीटर सरकलं, की शंभर मीटरवर सात सेंटिमीटर फरक पडतो. म्हणजे कल्हईवाल्याने निव्वळ दोन कड्या काढल्या नव्हत्या. नेम लावायचं अर्धं यंत्रच काढून नेलं होतं.

एका दुकानात रायफलीला भोकं पाडून आधुनिक पट्टी बसवायचा पर्याय मिळाला. तासाभराचं काम. म्हातारे म्हणाले, भोक पाडलं की बुजत नाही. तेव्हा नव्या रिंगा करून घ्यायच्या ठरलं. रिंग म्हणजे नळीवर बसणारं कडं आणि खाली ठोकळा. ते लेथवर कोणीही करील, नख्या मात्र ते स्वतः रायफलीवर घासणार. पण ठोकळा कुठे, किती उंच, कुठल्या कोनात, यासाठी बैठकांची नेमकी मापं हवीत. आणि रायफल लेथच्या कारखान्यात ठेवून येता येत नाही. परवाना आणि धनी, दोघांनाही तिच्यासोबत असावं लागतं.

मी पेणची. माप घ्यायचं म्हटल्यावर माझ्या डोक्यात आधी शाडू आला. पिशवीतून मूठभर घेऊन रोह्याला गेले आणि बैठकीवर दाबला. पहिल्यांदा खाचेत अडकून तुटला. दुसऱ्यांदा जेमतेम निघाला, पण वाळल्यावर तीस मिलिमीटरची खूण साडेअठ्ठावीसवर आली होती. शाडू वाळताना आकसतो हे पेणमधलं शेंबडं पोरही सांगेल. मला रायफल पाहून विसर पडला.

हमरापूरचा माझा एक शाळासोबती मूर्तींचा कारखाना चालवतो. त्याला फोटो दाखवला तर तो हसला. "अगं, खाच आत वळलीय. प्लॅस्टर घातलंस तर अडकून बसेल, फोडून काढावं लागेल. रबर लागेल." गणपतीच्या सोंडेखाली, हाताच्या कोपरात हाच प्रश्न त्याला रोज असतो. साच्यातून मूर्ती सुटली पाहिजे आणि बेंबीची घडीसुद्धा मोडता कामा नये. रविवारी तो रोह्याला आला. डबक्यात सिलिकॉन रबर, छोट्या बाटलीत ते घट्ट करणारं औषध. बैठकांभोवती शाडूचीच पाळ केली (शेवटी शाडू कामाला आला!), आत तेलाचा पुसट हात, मग रबराची बारीक धार एकाच कोपऱ्यातून, हवेचा बुडबुडा राहू नये म्हणून. काका खुर्चीवर पुढे झुकून बसले होते, जणू कोणी त्यांच्याच दाताचं माप घेतंय.

रबर ताणून काढलं तेव्हा आत काळ्या पोलादाची सगळी खोली उतरली होती, जुन्या कानशीच्या रेघांसकट. त्यात त्याने प्लॅस्टर ओतलं. "हे थोडं फुगतं, तेवढं त्यांना सांग." घट्ट होताना प्लॅस्टर हजारात दोन-तीन भाग वाढतं. आमच्या मापात ते काही शतांश मिलिमीटर. कारागीर ते नखीत जास्तीचं पोलाद ठेवून सांभाळणार होते.

ते साचे घेतले ते बरं झालं. २०२४ ची लोकसभा लागली आणि आचारसंहितेत हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करायचा निरोप आला. रायगडचं मतदान ७ मे ला होतं, निकाल ४ जूनला. तेवढे सगळे दिवस काम चाललं ते दोन पांढऱ्या ढेकळांवर.

रोह्याजवळ धाटावची एमआयडीसी आहे, सगळी रासायनिक कारखान्यांची. त्यांच्या पंपांचे शाफ्ट, स्लीव्ह, ग्लँड सतत झिजतात म्हणून आसपास लेथवाले भरपूर. ज्याच्याकडे गेलो तो तिशीतला मुलगा. मुंबईहून आलेला आराखडा त्याने एकदा पाहिला, प्लॅस्टर दोनदा. ईएन-८ पोलादाचा गज लावला. कडं एकसंध करायचं नव्हतं, दोन अर्ध्या फाकी आणि चार बारीक स्क्रू. पुन्हा डाक द्यायला म्हाताऱ्यांनी साफ नकार दिला होता. जुन्या भिंगांच्या जोड्या झाडाच्या डिंकाने, कॅनडा बाल्समने चिकटवलेल्या असतात. एकदा कल्हईवाल्याची आंच सोसली, दुसऱ्यांदा सोसतील असं नाही.

मुलगा काम करताना बोलत नव्हता. भोक सव्वीसपर्यंत आणलं, मग मायक्रोमीटर लावून शंभरातले पाच, शंभरातले तीन असं घेत गेला. मध्ये सुतार आला आणि "दोन सूत जाडीची पट्टी दे" म्हणाला. त्याने त्याच मशीनशेजारी डोळ्याने मोजून दिली. पुन्हा इकडे शंभरातले दोन. दोन वेगळ्या हिशेबांत माणूस इतक्या सहज येजा करतो हे बघण्यासारखं होतं. पैसे मागितले ते एका पंपाच्या स्लीव्हचे. "वेगळं काय केलं?" म्हणाला.

रायफल परत मिळाल्यावर मुंबईला गेलो. म्हाताऱ्यांनी मेणबत्ती लावली, ठोकळ्यातून ढोबळ कापलेली नखी ज्योतीवर धरून काजळी चढवली आणि बैठकीत घातली. बाहेर काढल्यावर जिथे काजळी पुसली गेली तिथेच घासायचं. कानशीचे दोन-तीन हात, परत काजळी, परत आत. मी मोजायला लागले, साठाच्या पुढे कंटाळले. दुपारी चहा आला, तो निवला. चारच्या सुमाराला काजळी सगळीकडून सारखी पुसली गेली आणि मागचा खटका बसला. त्यांनी तो पुन्हा उघडला, पुन्हा बसवला. आवाज ऐकत होते. मग डोळ्यापासूनचं अंतर पाहिलं. या जातीच्या दुर्बिणीत ते आठ सेंटिमीटरच्या आसपास असतं. कमी ठेवलं आणि चारशे तेवीसचा धक्का बसला तर भुवई फुटते. काका म्हणाले, रायफल झाडायचीच नाहीये. काडतुसं तीनच आहेत आणि तीही आजोबांच्या वेळची. तरी म्हाताऱ्यांनी अंतर पुरं ठेवलं.

रोह्याला ओटीवर रायफल दोन वाळूच्या पिशव्यांत टेकवली आणि बोल्ट काढून घेतला. मोकळ्या नळीतून काकांनी समोरच्या आगरातल्या माडाचा शेंडा मधोमध आणला. मग मी दुर्बिणीतून पाहिलं. कडेला बुरशीचं जाळं होतं, पण मधली काच स्वच्छ. बत्तीस मिलिमीटरचं भिंग आणि चौपट आकार, म्हणजे आठ मिलिमीटरचा उजेडाचा ठिपका. अंधारात माणसाची बाहुली साधारण सातच मिलिमीटर उघडते. संध्याकाळ पडत होती, पण दुर्बिणीत झावळ्या उघड्या डोळ्यांपेक्षा ठळक दिसत होत्या. निशाणाचा खुंट मात्र शेंड्याच्या डावीकडे, शेजारच्या माडावर.

काकांनी मागची बैठक डावीकडे सरकवायला पितळी ठोकणी घेतली. हलका ठोका, पाहिलं. आणखी एक, पाहिलं. तिसऱ्या ठोक्याला खुंट शेंड्यावर आला आणि चौथा न मारता त्यांनी ठोकणी खाली ठेवली.

तेवढ्यात पाऊस आला. खटका दाबून दुर्बीण काढली, मलमलमध्ये गुंडाळली, मावशीने डबा आणून दिला. काकांनी तिरकी करून ठेवून पाहिली, उलटी करून पाहिली. रिंगांसकट ती त्यात मावत नव्हती.