डिकेम्बे मुटोम्बो : क्रीडांगणाकडून रुग्णसेवेकडे

काँगो लोकशाही प्रजासत्ताकाची राजधानी किन्शासा येथे मसिना नावाची दाट वस्ती आहे. या वस्तीत ३०० खाटांचे एक रुग्णालय उभे असून त्यास बियाम्बा मेरी मुटोम्बो या मातेचे नाव देण्यात आले आहे. हे रुग्णालय उभारणारे त्यांचे सुपुत्र डिकेम्बे मुटोम्बो हे व्यवसायाने डॉक्टर अथवा उद्योगपती नव्हते. ते बास्केटबॉलचे व्यावसायिक खेळाडू होते.

मुटोम्बो यांचा जन्म २५ जून १९६६ रोजी किन्शासा येथे झाला. वडील सॅम्युएल हे शिक्षणक्षेत्रात काम करीत. बालपणी डिकेम्बे यांचा ओढा फुटबॉलकडे होता; बास्केटबॉलकडे ते पुढे वळले. १९८७ मध्ये अमेरिकन शासनाच्या विकाससाहाय्य संस्थेची शिष्यवृत्ती मिळवून ते वॉशिंग्टन येथील जॉर्जटाउन विद्यापीठात दाखल झाले. वैद्यकीय शिक्षण घ्यावे आणि मायदेशी परतून रुग्णसेवा करावी, हा त्यांचा मूळ संकल्प होता.

७ फूट २ इंच उंचीचा हा विद्यार्थी विद्यापीठाचे प्रशिक्षक जॉन थॉम्पसन यांच्या नजरेतून सुटणे शक्य नव्हते. त्यांनी मुटोम्बो यांना संघात घेतले. खेळाचा सराव आणि वैद्यकाचा अभ्यास यांचा मेळ बसेना. अखेर वैद्यकशास्त्र सोडून त्यांनी भाषाशास्त्र व राजनय हे विषय निवडले आणि १९९१ मध्ये पदवी संपादन केली. इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश व पोर्तुगीज या भाषांबरोबरच मध्य आफ्रिकेतील अनेक भाषा त्यांना अवगत होत्या.

बचावाची कला

१९९१ मध्ये डेन्व्हर नगेट्स या व्यावसायिक संघाने त्यांची निवड केली. बास्केटबॉलमध्ये सर्वाधिक टाळ्या मिळतात त्या गुण मिळविणाऱ्यास. मुटोम्बो यांचे प्रभुत्व मात्र प्रतिस्पर्ध्याचा गुण रोखण्यात होते. जमिनीपासून १० फूट उंचीवर असलेल्या कड्याच्या दिशेने फेकलेला चेंडू हवेतच अडवावयाचा, हे काम केवळ उंचीच्या बळावर साधत नाही. चेंडू कड्याच्या पातळीवरून खाली येऊ लागल्यावर त्यास हात लावल्यास नियमभंग होतो आणि प्रतिपक्षास गुण बहाल केले जातात. म्हणजेच चेंडू हातातून सुटल्यापासून तो खाली वळेपर्यंतच्या निमिषमात्र अवधीत उडी घ्यावी लागते. उडी लवकर घेतली तर प्रतिस्पर्धी हूल देऊन निसटतो. उशिरा घेतली तर संधी हुकते.

या कलेत मुटोम्बो यांनी असामान्य प्रावीण्य मिळविले. १८ हंगामांत त्यांनी ३,२८९ वेळा चेंडू अडविला. याबाबतीत हकीम ओलाजुवान हे एकटेच त्यांच्या पुढे आहेत. वर्षातील सर्वोत्कृष्ट बचावपटूचा बहुमान त्यांना १९९५, १९९७, १९९८ आणि २००१ असा चार वेळा लाभला. चेंडू अडविल्यानंतर तर्जनी हलवून 'येथे नाही' असे सुचविण्याची त्यांची लकब प्रेक्षकांना विशेष प्रिय होती. १९९४ मध्ये आठव्या मानांकनाच्या डेन्व्हर संघाने अग्रमानांकित सिअॅटल संघास पराभूत केले. अशी घटना त्या स्पर्धेत प्रथमच घडत होती. सामना संपताच चेंडू दोन्ही हातांनी डोक्यावर धरून जमिनीवर पडलेले, आनंदाने हसणारे मुटोम्बो हे दृश्य चिरस्मरणीय ठरले. विजेतेपदाने मात्र त्यांना कायम हुलकावणी दिली. २००१ आणि २००३ या दोन्ही वर्षी त्यांचे संघ अंतिम फेरीत पराभूत झाले.

आईच्या मृत्यूनंतर

१९९७ मध्ये मुटोम्बो यांनी आपल्या नावाचे प्रतिष्ठान स्थापन केले. त्याच सुमारास त्यांच्या मातोश्री किन्शासा येथे आजारी पडल्या. देशातील अशांततेमुळे रस्ते बंद होते. त्यांना रुग्णालयापर्यंत नेता आले नाही आणि त्यातच त्यांचा अंत झाला. वैद्यकाचे शिक्षण अर्ध्यावर सोडलेल्या मुलाच्या मनावर या घटनेने खोल आघात केला. सामान्य माणसाच्या आवाक्यात येईल असे रुग्णालय उभारण्याचा त्यांनी निर्धार केला.

हे कार्य सुलभ नव्हते. २००१ मध्ये भूमिपूजन झाले, परंतु पुरेशा देणग्या न मिळाल्याने बांधकाम २००४ पर्यंत रखडले. जागा वापराविना पडून असल्याने ती सरकारजमा होण्याची वेळ आली. तेथे शेती करू लागलेल्या निर्वासितांना मोबदला देऊन जमीन मोकळी करून घ्यावी लागली. एकूण २ कोटी ९० लाख डॉलर खर्चापैकी दीड कोटींहून अधिक डॉलर मुटोम्बो यांनी स्वतःच्या कमाईतून दिले. काही सहकारी खेळाडूंनीही हातभार लावला. सप्टेंबर २००६ मध्ये उद्घाटन होऊन २००७ मध्ये रुग्णसेवा सुरू झाली. त्या भागात सुमारे चाळीस वर्षांत प्रथमच असे आधुनिक रुग्णालय उभे राहिले होते. पुढे वडिलांच्या स्मरणार्थ त्यांच्या प्रतिष्ठानाने म्बुजी-मायी या शहरात शाळाही उभारली.

एप्रिल २००९ मध्ये गुडघ्यास झालेल्या दुखापतीने मुटोम्बो यांची कारकीर्द संपुष्टात आली. त्या वेळी त्यांचे वय ४२ वर्षे होते. २०१५ मध्ये बास्केटबॉलच्या गौरव-दालनात त्यांचा समावेश करण्यात आला. मेंदूच्या कर्करोगाने ३० सप्टेंबर २०२४ रोजी, वयाच्या ५८ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

व्यावसायिक खेळाडूच्या उत्पन्नाचा काळ मर्यादित असतो. शरीर थकले की तो संपतो. त्या अल्पकाळातील मिळकत दीर्घकाळ टिकणाऱ्या लोकोपयोगी कार्यात कशी रूपांतरित करता येते, याचा वस्तुपाठ मुटोम्बो यांच्या जीवनात आढळतो. डॉक्टर होऊन मायदेशी परतण्याचा त्यांचा संकल्प सिद्धीस गेला नाही. परंतु त्यांनी उभारलेल्या वास्तूत डॉक्टरांना रुग्णसेवेची संधी लाभली आणि आजाऱ्याला उपचाराचे दार जवळ आले.