हे बाळसे नव्हे: प्रत्यारोपणानंतर मुलांचे वाढणारे वजन

भोपाळच्या ‘एम्स’मध्ये २०२४ च्या जानेवारीत पहिले मूत्रपिंड प्रत्यारोपण झाले आणि २०२५ च्या जानेवारीत पहिले हृदय प्रत्यारोपण. मुंबई, दिल्ली वा अहमदाबादची वाट धरणाऱ्या काही रुग्णांची तरी आता गावातच सोय होऊ लागली आहे. शस्त्रक्रिया कोठेही होवो, पुढची वर्षानुवर्षांची देखभाल मात्र घरीच व्हायची असते. त्या देखभालीतील एका दुर्लक्षित विषयाकडे, म्हणजे मुलांच्या वजनाकडे, वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते.

मूत्रपिंड निकामी झालेल्या मुलाची भूक मेलेली असते. तोंडाला चव नाही, सतत मळमळ, त्यात पथ्याचा जाच: केळे नको, मीठ बेताचे, पाणीसुद्धा मोजून. प्रत्यारोपण यशस्वी झाले की ही बंधने सैल होतात आणि जिभेची चव परत येते. नेमक्या त्याच वेळी, शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून स्टेरॉइडे सुरू असतात. त्यांनी भूक खवळते. गाल, मान व पोटावर चरबी साठते आणि स्नायू मात्र रोडावतात. वर्षानुवर्षे ताटावरून उपाशी उठणारे लेकरू आता मागून खाते, हे पाहून कोणत्या आईचे हात आखडतील? सकाळी पोहे-जिलेबी, दुपारी तूप-साखरेची पोळी, सणाला श्रीखंड. ‘बाळसे धरले हो!’ म्हणून शेजारीही कौतुक करतात. पहिल्या वर्षातच वजन सर्वाधिक वाढते, त्याचे हे कारण.

हे बाळसे नव्हे. टॅक्रोलिमस हे प्रत्यारोपणानंतरचे प्रमुख औषध स्वादुपिंडातून इन्शुलिन स्रवण्यात अडथळा आणते. स्टेरॉइडे इन्शुलिनचा प्रभाव कमी करतात. त्यात स्थूलतेची भर पडली की मधुमेह व रक्तदाब बळावतात, आणि दोहोंचा मारा अखेर त्याच नव्या मूत्रपिंडावर होतो. ते बरेचदा जन्मदात्या आईनेच दिलेले असते. तिलाही आता एकाच मूत्रपिंडावर आयुष्य काढायचे आहे, म्हणून वजनाचे हे पथ्य तिलाही लागू आहे. घरात दोन चुली मांडण्याची गरज नाही.

दीर्घ आजाराने या मुलांची उंची खुंटलेली असते, त्यामुळे नुसते वय आणि वजन ताडून पाहणे फसवे ठरते. वजन उंचीशी ताडावे. भारतीय बालरोग अकादमीचे २०१५ चे वाढीचे तक्ते त्यासाठी उपलब्ध आहेत. मात्र दोन-तीन दिवसांत एक-दोन किलो वजन वाढले, तर ती चरबी नसून अंगात साठलेले पाणी असण्याचा संभव अधिक. अवयव नाकारला जात असल्याची ती पहिली खूण असू शकते. तेव्हा आहाराची चर्चा न करता त्याच दिवशी प्रत्यारोपण केंद्राशी संपर्क साधावा. त्यासाठी घरी रोज सकाळी, एकाच काट्यावर वजन करून वहीत लिहावे.

सर्वांत मोठा धोका किशोरवयात असतो. आरशातला गोल चेहरा, शाळेतली चिडवाचिडवी, आणि मग गोळ्या गुपचूप खिडकीबाहेर! विशेषतः मुलींकडे लक्ष ठेवावे. परस्पर औषध थांबविल्याने अवयव तर गमावतोच. स्टेरॉइड एकाएकी बंद केल्यास जिवावरही बेतते. मात्रा कमी करता येते, कधी स्टेरॉइड पूर्ण काढताही येते; पण तो निर्णय केंद्राचा. मुलीला चेहऱ्याबद्दल मोकळेपणाने विचारावे. ‘रूपाचे काय एवढे!’ हे उत्तर आपण मोठी माणसे फार सहज देतो.

वजन उतरविणारी जाहिरातीतली चूर्णे आणि काढे कटाक्षाने टाळावेत. त्यांतील घटक औषधांच्या रक्तातील पातळीत ढवळाढवळ करू शकतात. पपनसाच्या जातीची फळेही वर्ज्य. उपवास करून वजन उतरविण्याच्या फंदात पडू नये. जेवणात डाळ, भाज्या, ज्वारीची भाकरी वाढवावी. साखर, तळण व लोणची-पापड आवरावेत. जखम भरून तज्ज्ञांची अनुमती मिळाली की मुलाला खेळू द्यावे. पोटावर मार बसेल असे कबड्डी-कुस्तीसारखे खेळ सोडून, वनविहारात बड्या तलावाच्या काठाने सायकल चालवायला काहीच हरकत नाही.